श्रमदानाला अख्खं गाव, ग्रामसभेला दहा टाळकी. काय करायचं?

माणगंगेकाठी:
मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात (नाव मुद्दाम देत नाही, गावातली निम्मी पोरं इथं वाचतात). माणदेश म्हटल्यावर पाऊस किती ते सांगायला नको. मी पुण्यात नोकरीला, आईवडील आणि थोरला भाऊ गावी, त्यामुळं येणंजाणं कायम. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपला आमचं गाव उतरलं होतं. ते दिवस म्हणजे काय सांगू, पहाटे स्पीकरवर हाक पडायची आणि सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा घमेली घेऊन डोंगराला. ए-फ्रेमनं समतल रेषा धरायची, फक्कीनं आखायची, मागनं पोरं कुदळी घेऊन. माथ्यावर सीसीटी (म्हणजे सलग समतल चर), ओघळीत दगडाचे बांध, खाली ओढ्याला मशीन, डिझेलची वर्गणी मुंबईच्या गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळणाऱ्या) पाव्हण्यांनी पाठवली. पुढच्या पावसाळ्यात ज्या विहिरीत लहानपणी क्रिकेट खेळायचो तिला पाणी आलं.

आणि मग बोअरच्या गाड्या आल्या. पाणी अडवायला सगळं गाव, उपसायला मात्र ज्याची मोटर मोठी तो. कालव्याचं पाणी आमच्या शिवारात येत नाही तरी दोन मळ्यांत ऊस उभा राहिला. चर गाळानं भरले ते कुणी उपसले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात वस्तीवर परत टँकर.

आता आम्ही काही पोरांनी ठरवलंय की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पीक कुठलं घ्यायचं ते गावानं मिळून ठरवायचं, कचरा, शाळा, झाडं हे विषयही घ्यायचे. पण हे मांडायचं कुठं? ग्रामसभेला माणूसच येत नाही. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग रजिस्टर घेऊन शिपाई घरोघरी सह्यांना. हीच माणसं उन्हातान्हात दगड उचलायला होती हो! तर ज्यांनी गावात प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. भाषणं नकोत, ती सरपंच देतोच :)

चौकस:
चांगला विषय. पण खरं सांगू का, ही आदर्श गावं म्हणजे एकेका माणसाची गावं आहेत. राळेगणला अण्णा, हिवरे बाजारला पोपटराव. तसा माणूस तुमच्याकडे असेल तर होईल, नसेल तर पोस्टर लागतील आणि वाळवी खाईल. शिवाय चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ऐकायला छान वाटते, पण ज्याला गुंठाभर जमीन नाही आणि चार शेळ्यांवर घर चालतं त्यानं काय करायचं? तुमच्या माणात तर मेंढपाळ किती. त्यांना ग्रामसभेत कुणी विचारतं का?

नगरी_झटका:
हिवरे बाजार आमच्या शेजारचंच म्हणा, पाव्हणे घेऊन किती वेळा गेलोय त्याला गणती नाही. चौकस यांचं अर्धं बरोबर आहे. पोपटराव १९८९ ला बिनविरोध सरपंच झाले, त्याआधी ते गाव म्हणजे बदलीची शिक्षा होती, तिथं नोकरीला जायला माणूस तयार नसायचा. पाऊस आजही साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास, काही ढग वेगळे नाहीत त्यांचे. पण लोक तिथं जाऊन बघतात काय, तर रंगवलेल्या भिंती आणि स्वच्छ रस्ते, आणि घरी येऊन तेच करतात. शेतीला बोअर मारायचा नाही, ऊस आणि केळी घ्यायची नाही, हा कडू भाग कुणी घरी नेत नाही.

ताळेबंदाचं म्हणाल तर गणित सोपं आहे हो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचं शिवार १००० हेक्टर धरा, पाऊस ४०० मिलिमीटर, झाले ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून माणूस खूष होतो. मग त्यातनं बाष्प होऊन गेलं किती, मातीनं ओल म्हणून धरलं किती, ओढ्यानं वाहून नेलं किती, जमिनीत मुरलं किती हे वजा करत गेलं की चेहरे उतरायला लागतात. राहिलं त्यातनं आधी माणसं आणि जनावरं, मग शेती. पावसाळा संपला की हा हिशोब सगळ्या गावासमोर मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं, उन्हाळी घ्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. पाऊस कमी झाला त्या वर्षी गहू नाही म्हणजे नाही. आणि हे पटतं कारण पर्जन्यमापक गावातच आहे, आकडा तालुक्याहून आलेला नाही.

चराईबंदीवर: बंदी घातली म्हणजे डोंगर कुलूप लावून ठेवला असं नाही. जनावर वर सोडायचं नाही, गवत कापून न्यायचं. गवत वाढलं तशी दुभती जनावरं वाढली. सुरुवातीला शेळ्यावाल्यांना त्रास झालाच असणार, ते मी नाकारत नाही.

ऊसवाला_दादा:
आला का ऊसावर घसरून धागा :) मी ऊस लावतो, लाज वाटत नाही. का लावतो ते ऐका. ऊस तुटला की कारखाना नेतो, एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) कायद्यानं द्यावीच लागते, उशिरा का होईना पैसा येतो. कांदा लावला, निर्यातबंदी. टोमॅटो लावला, गाडीभाडं निघेना, रस्त्यावर ओतला. ज्वारीला पाखरं आणि काढायला माणूस नाही. तुम्ही ग्रामसभेत ठराव करणार ऊस नको, ठीक आहे, मग डाळिंबावर तेल्या आला की ग्रामसभा माझा हप्ता भरणार का? पुण्यामुंबईत पगार घेऊन गावाला शहाणपण शिकवणं सोपं असतं. धागाकर्त्यावर राग नाही, पण "लोकसहभाग" म्हणजे लोकांनी तुमच्या मनातलं करायचं असं नसतं ना.

माणगंगेकाठी:
@ऊसवाला_दादा, राग कशाचा, हे बोलणं गावात माझ्या चुलत्याकडनं रोज ऐकतो, तेही शिव्यांसकट. मुद्दा खरा आहे. पण दादा, तुमचा बोअर आटला की तुम्ही अजून खाली जाता, आणि शेजारच्या आजीच्या आडाला कळशी लागत नाही, तिनं कुणाकडं जायचं?

@नगरी_झटका, वजाबाकीचा तक्ता कुठं मिळेल का?

नगरी_झटका:
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याला ऑफिस असतं, त्यांच्याकडं तुमच्या पाणलोटाची माहिती आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. तोवर विहिरीची पातळी तुम्हीच मोजायला लागा, टेप आणि दगड बास.

धानोरा_एक्सप्रेस:
मी गडचिरोलीची, सध्या नागपूरला. चौकसभाऊ म्हणून राहिले की सगळं एका माणसावर असते, त्यावर बोलते.

आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, गोंडांचं लहानसं गाव. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा ऐकली असेल सगळ्यांनी. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं मोठी आहेतच, पण तिथली पद्धत समजून घ्या. बहुमतानं ठरवत नाहीत. सर्वसहमती. एक जण जरी नाही म्हणला तरी विषय पुढच्या बैठकीला, त्याचं म्हणणं काय आहे ते समजेपर्यंत. आणि बैठकीआधी अभ्यास गट बसते. त्या गटात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं, कायदा काय म्हणते, जंगलात काय किती आहे. बाहेरचा माणूस येऊन माहिती देऊ शकते पण निर्णयाच्या वेळेस त्याचा आवाज नाही.

याला वेळ किती लागते बाप्पा! पण म्हणूनच टिकते. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना देत नव्हते वनखात्यातले, तेव्हा २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात. पैसा आला की भांडणं येतात, पण हिशोब सगळ्यांसमोर. २०१३ मध्ये तर गावानं ग्रामदान केलं, म्हणजे आपापल्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली, १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली.

तुमच्या गावात हे जसंच्या तसं होणार नाही, जंगल नाही, आणि एका जातीचं गाव नाही. पण अभ्यास गट तरी करता येते ना. पाच-सात जण बसा, ठराव नको काही नको, नुसतं वाचा.

कळशी:
बायकांचं कुणीच बोललं नाही अजून. अपेक्षितच होतं.

मी बारामतीकडची, जिरायत भागातली. आमच्याकडं ग्रामसभा सकाळी अकराला. अकराला कोण असतं घरी? बाई खुरपायला, पुरुष दूध घालून तालुक्याला, पोरं एमआयडीसीत. चावडीपुढं पारावरचे रिकामे तेवढे हजर. बरं नियम असा आहे की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, तिथं ठरलेलं मुख्य सभेत मांडायचं. आमच्याकडं ती सभा कागदावर होते, अंगणवाडी ताई बचत गटाच्या बायकांच्या सह्या गोळा करते की झाली. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि खुर्चीत बसतो सरपंचबाईंचा नवरा, त्याला फोनवर लोक "बोला सरपंच" म्हणतात आणि तो बोलतो पण.

मग आम्ही काय केलं, तर वस्तीवर जाऊन बसायला लागलो. रात्री जेवणं झाल्यावर, दिवाबत्तीच्या खांबाखाली, सतरंजी टाकून. देवळात बोलावलं तर सगळ्या जातीच्या बायका मोकळ्या बसत नाहीत, आणि पुरुष आले की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. वस्तीवर मात्र अशा बोलल्या की बास. आम्हाला वाटलेलं पाण्याची टाकी हा विषय निघेल. निघाला काय, तर नळाला पाणी रात्री दोनला सोडतात! टाकी होती, पाणी होतं, नळ होते. पाणी सोडणाऱ्याला दिवसा दुसरं काम म्हणून रात्री दोन. एका बाईनं विचारलं, याला बदलायला ठराव लागतो का. लागला. त्या ग्रामसभेला बायका इतक्या आल्या की चावडीत जागा पुरेना, आता पाणी संध्याकाळी येतं.

पर्यावरण, शाश्वत विकास वगैरे नंतर. आधी त्यांचं एक काम होऊ दे.

चौकस:
@कळशी _/\_ हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

रिटायर_ग्रामसेवक:
मी तीस-एक वर्षं ग्रामपंचायतीत काढली, त्यामुळं दुसरी बाजूही ऐका. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती संख्या. शंभर माणसं काही अवघड नाही, लग्नाच्या टिळ्याला याहून जास्त असतात. येत नाहीत कारण त्यांना ठाऊक असतं की विषयपत्रिका आधीच ठरलीय, गटार आणि पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक का, तर त्यात ठेकेदार असतो. चर उपसण्यात ठेकेदार नसतो. जास्त बोलत नाही, पेन्शन चालू आहे :)

कामाचं सांगतो. एक, "आमचं गाव आमचा विकास" खाली दरवर्षी गावाचा विकास आराखडा होतो, वित्त आयोगाचा पैसा त्यावरच खर्च होतो. आराखड्यात जे नाही ते वर्षभर होत नाही. म्हणजे तुम्ही मे महिन्यात बोंब मारून उपयोग नाही, आराखडा होतो त्या ग्रामसभेला हजर पाहिजे, आणि चर दुरुस्ती, ओढ्यातला गाळ, रोपवाटिका ही कामं नावानिशी गट नंबरासह त्यात घालून घ्या. चर, बांधबंदिस्ती, झाडं ही कामं रोजगार हमीतनंही होतात, मजुरांना फुकट राबवायची गरज नाही. दोन, ई-ग्रामस्वराजवर तुमच्या पंचायतीचा खर्च दिसतो, कुणालाही. तो छापा आणि वाचनालयाच्या भिंतीला लावा, भांडण न करता, नुसता लावा. पुढच्या सभेला माणसं येतात की नाही बघा. तीन, बोअरचं. पिण्याच्या पाण्याचा जो सार्वजनिक स्रोत आहे त्याच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे कायद्यात कधीपासून आहे. गावाच्या नकाशावर पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती वर्तुळ काढून चावडीत टांगा. निम्मी बोअरबंदी तिथंच होते.

कोकणातला_आबा:
आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिलात टँकर. माणदेशवाल्यांनी हसू नये. जांभ्यातून पाणी येतं तसं जातं.

इथं लोकसहभाग म्हणजे मुंबई मंडळ. गणपतीला नि शिमग्याला येणार, देवळाचा कळस, सभामंडप, कमान, सगळ्याला लाखांनी वर्गणी. पऱ्ह्यावर बंधारा घालायचा म्हटलं की "बघू पुढच्या वर्षी". तरी आमच्या वाडीत दरवर्षी कच्चे बंधारे घालतो, वनराई बंधारा म्हणतात तो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मुंबईच्या नातेवाइकांकडून नाही तर घराचं काम चालू असेल तिथून, त्यात वाळू-माती पाऊणच भरायची, गच्च भरली तर गोणी बसत नाही, मध्ये फट राहते. तोंड शिवून विटांसारखी सांधा चुकवून रचायची, मध्ये चिकणमातीचा थर. पाऊस ओसरला पण वहाळ वाहता आहे तेव्हाच घालायचा, उशीर केला की अडवायला उरत नाही. सकाळी सुरू करून दुपारी जेवणापर्यंत पुरा. वरच्या विहिरीचं पाणी महिना-दीड महिना जास्त टिकतं आणि उन्हाळी भाजी, कुळीथ होतात.

हे दरवर्षी का होतं? कारण पावसात बंधारा वाहून जातो. पक्का सिमेंटचा बांधला असता तर एकदा फीत कापून विसरले असते, शेजारच्या गावात तेच झालंय, दारं कुणी घालत नाही आणि पाणी कुणी अडवत नाही. आणि हो, बंधाऱ्याच्या दिवशी कोंबडीवडे असतात. सहभागाचं अर्धं रहस्य तिथं आहे :D

नगरी_झटका:
आबा, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, बंधाऱ्याला येतो.

गोंयकार:
आबांच्या मुद्द्याला धरून. आमच्या गोव्यात गावकारी, म्हणजे पोर्तुगीज काळापासून जिला कोमुनिदाद म्हणतात, ती संस्था गावची सामाईक जमीन सांभाळायची. खाजन शेती म्हणजे खाडीकाठची, भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध आणि पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारांची मानस. बांध फुटला तर रात्री-अपरात्री गाव धावायचं कारण शेत सगळ्यांचंच जायचं. मुक्तीनंतर कूळ कायदे आले, ते हवेच होते, कसणाऱ्याला जमीन मिळाली, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. पण पुढं शेतीच सुटत गेली आणि मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) मात्र दरवर्षी जोरात, त्यामुळे काही ठिकाणी खारं पाणी आत राहिलेलं कुणाला तरी परवडतं. शेत कसणारा आणि पावणी घेणारा जेव्हा वेगळा झाला तेव्हा बांधाचं कोणालाच पडलं नाही. तुमच्याकडचा बोअरवाला आणि आडवाली आजी तसेच.

पुरंदरचा_अंजीर:
उशिरा आलो धाग्यावर. चौकस यांच्या भूमिहीनांच्या प्रश्नाला आमच्या पुरंदर तालुक्यातच उत्तर होतं, त्याचं कुणी नाव काढलं नाही म्हणून लिहितो. विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडताना बघितले आणि मग नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन कसायला घेतली, तिथं माती-पाणी अडवून दाखवलं. त्यातनं पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे: पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन नसली तरी पाण्यावर हक्क. ऊस घ्यायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लोकांनी आधी उभा करायचा.

माझा आजा त्या काळातला. तो सांगायचा की बैठकीला न जाणं परवडायचंच नाही, पाळी आपली जायची. @माणगंगेकाठी, तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यातच दिसतं. तुमच्या गावानं श्रमदानात अंग मोडलं, पण आलेल्या पाण्यात कुणाचा किती वाटा हे दगड उचलायच्या आधी कुणी ठरवलं नव्हतं. त्या म्हाताऱ्या आता दुसऱ्यांदा घमेलं का उचलतील? सगळ्या पाणी पंचायती आज चालू आहेत असं मुळीच नाही, वीजबिल थकलं, पुढची पिढी शहरात गेली, बऱ्याच बंद पडल्या. पण वाटणीचं सूत्र आजही खरं आहे.

ऊसवाला_दादा:
माणशी अर्धा एकर? आमच्यात तलवारी निघतील. पण एक मानतो, सगळ्यांना सारखाच नियम असेल आणि कारखान्याच्या संचालकाच्या मळ्यालाही तोच असेल तर मी बैठकीला येईन. पहिला नियम माझ्यावर नको.

गटशेतीचं कुणी बोललं नाही. पाणी फाउंडेशनचं पण आता फार्मर कप चालू आहे, २०२२ पासून, त्यात गट करून बियाणं-खत एकत्र घेणं, एकमेकाच्या रानात सावडीनं काम करणं. आमच्या शेजारच्या गावातल्या बायकांच्या गटानं केलं, मजुरीचा खर्च बऱ्यापैकी वाचला. माणूस मिळत नाही हे माझं मोठं रडगाणं, त्यावर हे चालेल असं वाटतंय.

माणगंगेकाठी:
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो, त्याचं थोडक्यात.

कळशीताईंचं ऐकून आधी वस्तीवर बसलो, भावजयीला पुढं घालून. पुरुषांना बाहेर थांबा म्हटलं तर दोघं रुसून गेले, असो. बायकांनी पाण्याचा विषय काढलाच नाही, पहिला विषय दारूचा आणि दुसरा शाळेच्या संडासाला दार नाही याचा. दार पुढच्या आठवड्यात बसतंय, सुतार वस्तीवरचाच आहे. दारूचं लई अवघड आहे, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

मेढ्याला पट्टी ठोकून नव्हे तर खरा पर्जन्यमापक घेतलाय, शाळेच्या गच्चीवर, सातवीची पोरं नोंद ठेवणार आणि फळ्यावर लिहिणार. विहिरी मोजायला भाऊ आणि अजून तिघं तयार झालेत. अभ्यास गटाला चुलते पण बसले, ऊसवाले! ते म्हणाले ५०० मीटरचं वर्तुळ काढा पण टेप मी धरणार, तुमच्यावर विश्वास नाही. म्हटलं धरा.

बोअरबंदीचा ठराव इतक्यात मांडत नाही. आधी आराखड्यात चर उपसायचं काम घालतोय. त्यात एक अडचण आलीय, ग्रामसेवक काकांना विचारायचंय: आमचे बरेचसे चर वनखात्याच्या हद्दीत आहेत आणि काही गायरानात. पंचायतीच्या आराखड्यात वनखात्याच्या जमिनीवरचं काम घालता येतं का?

रिटायर_ग्रामसेवक:
आराखड्यात घाला, पण खाली "वनविभागाशी समन्वयाने" असं लिहा आणि ठरावाची प्रत वनक्षेत्रपालांना आवक शिक्का मारून द्या. परवानगी त्यांचीच लागेल, आणि रोजगार हमीत वनखातं स्वतःच यंत्रणा असतं, म्हणून ते काम त्यांच्याकडूनच सुचवून घेतलेलं बरं. गायरानातलं पंचायतीनं करायचं. दोन्हीचे वेगळे अंदाजपत्रक करा नाहीतर एकामुळं दुसरं अडकेल. आणि सूचक-अनुमोदक म्हणून चुलत्यांचंच नाव घाला.